जनेलाजवळचा ट्रक

माझे बाबा आयुष्यभर ट्रक चालवत होते, पण त्यांना ट्रक चालवताना मी पहिल्यांदा पाहिलं ते तिशी उलटल्यावर, आणि तेही आमच्या पुढच्या खोलीत, जनेलाजवळच्या, म्हणजे खिडकीजवळच्या मेजावर.

लहानपणी ते दिसायचे ते फक्त जाताना आणि येताना. जाताना अंधार असायचा, आणि येताना ते डोक्यापासून पायापर्यंत लाल असायचे. आई त्यांना विहिरीपाशीच अडवायची, अंगावर कळशी ओतायची आणि लाल पाणी माडाच्या मुळाशी वाहून गेलं की घरात घ्यायची. ते मूळचे दोडामार्गाकडचे. खनिजाचा टिपर चालवायला म्हणून डिचोलीला आले, पेडण्याची मुलगी केली आणि इब्रामपूरला घर बांधून राहिले. त्यामुळे आमच्या घरात बाबा मालवणी बोलतात, आई कोंकणी, आणि मी ज्याच्याशी भांडायचं असेल त्याची भाषा. खाणी बंद पडल्यावर त्यांनी रेती ओढली, चिरे ओढले, काही दिवस नुसतेच बसून काढले. पण ड्रायव्हर म्हणून त्यांची ऐट कधी कमी झाली नाही. बसमध्ये बसले तरी वळणावर त्यांचा पाय ब्रेक दाबायचा.

गेल्या पावसाळ्यात दाढी करताना त्यांच्या डाव्या हातातून आरसा पडला. नंतर ते स्वतःच पडले. पक्षाघाताचा झटका सौम्य होता, असं डॉक्टर म्हणाले. सौम्य म्हणजे काय हे आम्हाला पुढच्या काही महिन्यांत कळलं. तोंड लवकर सरळ झालं, पाय चालू लागला, हातही हळूहळू परतला. व्यायाम घ्यायला येणारी बाई म्हणाली, हात कामात ठेवा, त्यांना जे आवडतं त्यात ठेवा. गाडी चालवण्याबद्दल विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, ‘‘ते मग बघू.’’ हे ‘मग बघू’ आमच्या घरात येऊन पाहुण्यासारखं राहिलं. बाबांची जुनी स्कूटर पडवीत उभी होती आणि तिची चावी बाबांच्या सदऱ्याच्या खिशात. ते बाहेर जायचे नाहीत, पण चावी काही खिशातून काढायचे नाहीत. आईचं लक्ष सतत त्या खिशावर असायचं.

मी हिशेबाचं काम घरून करते, आणि उरलेल्या वेळात गेम खेळते. हे दुसरं मी लग्नाच्या बाजारात कधी सांगितलं नाही, बहुधा म्हणूनच तो बाजार लवकर उठला. मला नवा कॉम्प्युटर हवाच होता. घेतला तो बऱ्यापैकी ताकदीचा, आणि त्याच्यासोबत एक स्टिअरिंग आणि पायांखालचे पेडल. ट्रक चालवायचा एक गेम असतो. माल भरायचा, नकाशा बघायचा, आणि युरोपातले लांबच लांब रस्ते तोडत पोचवायचा. बाकी काही नाही. मारामारी नाही, पळापळ नाही. मला तो भयंकर कंटाळवाणा वाटतो, पण घेतला तो माझ्यासाठी नव्हताच.

कॉम्प्युटर आला त्या दिवशी मी कामासाठी पणजीला गेले होते. दुकानातला माणूस जोडून, चालू करून देऊन गेला. संध्याकाळी परतले तेव्हा उंबऱ्यावर फोडलेला नारळ होता, कॉम्प्युटरच्या काळ्या डब्यावर कुंकवाचं बोट होतं, आणि मेजाखाली, जिथे चाक असायला हवं होतं तिथे, एक लिंबू ठेवलेलं होतं.

‘‘चिरडतला कोण त्या लिंबाक?’’ मी विचारलं.

‘‘तू बस त्येच्यार,’’ बाबा म्हणाले, आणि झटक्यानंतर पहिल्यांदा मोठ्याने हसले.

ते दिवस आठवले की मला अजून सुखाची गुंगी येते. थंडी नुकतीच लागली होती. दुपारी जेवणं झाली की आई मागच्या खोलीत आडवी व्हायची, मी माझ्या आकड्यांत, आणि जनेलाजवळ बाबा कुठल्यातरी परक्या देशातून चाललेले. बाहेर ऊन असायचं आणि त्यांच्या काचेवर पाऊस. वायपर चालायचे. इंजिनाचा तो खालच्या पट्टीतला आवाज खोलीत भरून राहायचा आणि त्यात माझे डोळे मिटायला लागायचे. तिकडे गाड्या उजवीकडून चालतात, ते त्यांनी एका दुपारीत मान्य केलं. पण तिकडच्या गावांची नावं त्यांनी मान्य केली नाहीत; खाणीच्या वाटेवरच्या गावांचीच नावं ते देत. जंगलातला चढ आला की म्हणायचे, ‘‘ह्या मये.’’ नदीकडेचा रस्ता लागला की, ‘‘इला सारमानस, आता जेटी.’’ खरंच पाणी दिसायचं, आणि त्यावर बोट. अर्धवट झोपेत मला वाटायचं की खाणीचे ते सगळे लाल रस्ते कुणीतरी धुऊन, बर्फ घालून, तिकडे नेऊन अंथरलेत, आणि माझे बाबा पुन्हा कामावर जाताहेत. मी पेंगत त्यांच्याबरोबर जायचे. मला आयुष्यात तेवढी शांत झोप पुन्हा लागलेली नाही.

किती दिवस असं चाललं ते मला आता सांगता येणार नाही. मग बाबा गाडी लवकर थांबवायला लागले. आधी जेवणापासून चहापर्यंत चालवायचे, ते अर्ध्यातच उठायचे. विचारलं तर म्हणायचे, ‘‘कंटाळो इलो.’’ ट्रक चालवायचा त्यांना कंटाळा? मला पटलं नाही, पण मी कामात होते. मग एकदा स्टिअरिंगवर हात तसेच ठेवून ते बराच वेळ बसलेले दिसले. पडद्यावर ट्रक शेतात गेलेला, एक चाक हवेत.

‘‘मी वळवतंय, पण ती उशिरा वळता,’’ ते म्हणाले. मला नाही, स्वतःलाच.

रात्री जेवणं आटोपल्यावर मी बसून बघितलं. ट्रक रस्त्यावर आणला, पुढे नेला, दोन वळणं घेतली. लोण्यासारखा चालला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बघितलं. काही नाही. मी बसले की गाडी ठीक, बाबा बसले की गाडी उशिरा वळते. तुम्ही असतात तर काय म्हटलं असतंत? मी त्यांच्या डाव्या हाताकडे बघायला लागले, आणि ते मला बघताना बघायला लागले.

त्यानंतरच्या एका दुपारी ते उठून स्वयंपाकघरात गेले, खिशातली चावी काढली आणि आईच्या पुढ्यात, नारळाच्या किसणीशेजारी ठेवली. ‘‘ठेव ही,’’ म्हणाले. आईने ओल्या हातानेच ती उचलली आणि पदराच्या टोकाला बांधली. तिला वाटलेला आनंद तिला लपवता येत नव्हता. बाबा आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी त्यांना खेळणं आणून दिलं होतं आणि त्यांनी त्याची परीक्षा केली होती. डॉक्टर ‘मग बघू’ म्हणाले होते, ते बाबांनी तिथे, जनेलाजवळ, रोज दुपारी बघून घेतलं होतं. आणि ते नापास झाले होते. मला असा राग आला की काय सांगू. कुणावर, ते कळत नव्हतं, म्हणून मी भांडी आपटली.

नंतरच्या रविवारी मी हट्टाने त्यांना बसवलं. ‘‘माझ्यासाठी चलवा, माका झोप येणा नाय,’’ असं म्हणून. आणि झोपले नाही. त्यांच्या मागे स्टूल घेऊन बसले आणि पडद्याकडे बघत राहिले. सुरुवातीला सगळं छान. मऊ डोंगर, मऊ ढग. बाबांचे हात सावध. मग बऱ्याच वेळाने, एका बोगद्यातून बाहेर पडताना, समोरचा रस्ता क्षणभर थांबला. आणि उडी मारून पुढे आला. पुन्हा थांबला. मी डोळे चोळले. पुन्हा. बाबांनी स्टिअरिंग फिरवलं, वेळेवर फिरवलं, मी बघितलं ना, आणि ट्रक एक श्वासभर सरळच गेला आणि मग वळला.

‘‘बाबा! चित्र अडाकता!’’

‘‘तुका पण दिसता?’’ ते म्हणाले.

त्यांनी ज्या आवाजात ते विचारलं तो आवाज मी विसरणार नाही. इतके दिवस त्यांना ते दिसत होतं. त्यांना वाटलं, डोळे अडकतात. डोक्यात काहीतरी अडकतंय, जसं दाढी करताना अडकलं होतं. म्हणून त्यांनी कुणाला सांगितलंच नाही.

मला तर नाचावंसं वाटत होतं. बिघाड कॉम्प्युटरमध्ये होता! पण बाबांना ते सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. ‘‘नवा कोरा मशीन. तू चलवतस तेव्हा बरा चलता. माका बरा वाटूचा म्हणान सांगतस गो तू.’’ मी शपथ घेतली, चिडले, ओरडले. जितकी ओरडले तितकं ते त्यांना खोटं वाटत गेलं. म्हणजे आता एकच उपाय होता. बिघाड शोधायचा, काढायचा, आणि त्यांच्या हातात देऊन दाखवायचा.

कॉम्प्युटर मंद चालला तर काय करावं हे जगात सगळ्यांना ठाऊक आहे आणि प्रत्येकाचं वेगळं आहे. एकजण म्हणतो, पडद्याची वायर मागे चुकीच्या खाचेत लावली असणार, सगळे तीच चूक करतात. मी मेजाखाली शिरले. वायर बरोबर खाचेत होती आणि लिंबू वाळलं होतं. दुसरा म्हणतो, पडदा सेकंदाला जितकी चित्रं दाखवू शकतो तितकी त्याला दाखवायला सांगितलेलीच नसतात. हे मात्र खरं निघालं. आकडा खालचा होता, तो वर केला, आणि चित्र असं झुळझुळ वाहायला लागलं की मी आईला बोलावून दाखवलं. आईला फरकच दिसला नाही; तिने ‘‘पयलीं कशें आसलें?’’ असं विचारून माझा सगळा उत्साह घालवला. चहाच्या वेळेपर्यंत ते पुन्हा अडकायला लागलं.

मग ग्राफिक्स कार्डाचं सॉफ्टवेअर काढून नव्याने घातलं. वीज वाचवायची सेटिंग बंद केली. मेमरीच्या पट्ट्या काढून, पुसून, पुन्हा दाबून बसवल्या. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज असं उतरतं की पंख्याची पाती मोजता येतात, म्हणून मधे स्टॅबिलायझर बसवला. कशाचाही उपयोग नाही. शेवटी लोक सांगतात तसं गेममधलं एकेक सोंग बंद करायला घेतलं. सावल्या घालवल्या. पाऊस घालवला. पाण्यातलं प्रतिबिंब गेलं. मग झाडं.

बाबा नुकते चहा घेऊन आले होते. पडद्याकडे बघत उभे राहिले. उघडे डोंगर, त्यातून गेलेला एक राखाडी पट्टा.

‘‘झाडा खंय गेली?’’

‘‘काढलंय. गाडी हलकी चलात म्हणान.’’

‘‘ह्या खाणीसारख्या दिसता,’’ ते म्हणाले. ‘‘घाल ती परत. झाडा नाय तर रस्तो कसलो?’’

मी झाडं परत घातली. पाऊसही. सावल्यासुद्धा. खरं सांगायचं तर मलाही त्या बोडक्या जगात पेंगायला आलं नसतं.

मग मी एक छोटा प्रोग्राम बसवला, जो पडद्याच्या कोपऱ्यात आतली उष्णता दाखवतो. हे आधी का नाही केलं असं विचारू नका. आणि मी स्वतः चालवत बसले, पाच मिनिटं नाही, चांगली दुपारभर. बाबांच्या नावांनी मये गेलं, साखळी गाव गेलं, सारमानस आलं. कोपऱ्यातला आकडा चढत होता. चढत चढत तो अशा ठिकाणी पोचला की तिथे मशीन स्वतःचा जीव वाचवायला स्वतःच धिमं होतं. आणि त्याच क्षणी रस्ता अडकला. हेच ते. थंड असताना मी बसायचे, म्हणून मला काही दिसायचं नाही. बाबा तापेपर्यंत चालवायचे, म्हणून त्यांना दिसायचं.

डब्याची बाजूची झडप उघडली आणि पुन्हा चालवलं. आकडा उतरला. रस्ता मोकळा झाला. झडप लावली, आकडा चढला. म्हणजे आत हवा जात नव्हती. पण हवा तर समोरून जाते, आणि समोर सगळी बारीक काळी जाळीच होती, नवी, स्वच्छ, कुंकू लावलेली. बाजूने बघितलं तर आतले पंखे फिरतच होते. मी जाळी दोन्ही हातांनी धरून ओढली. ती टक्क आवाज करून माझ्या मांडीवर आली.

आत एक कपडा होता.

आईच्या जुन्या सुती लुगड्याचा तुकडा. नुसता कोंबलेला नाही. चारी बाजूंनी दुमडलेला, ताणून बसवलेला, सुतळीने इतका नीट आवळलेला की एक सुरकुती नव्हती. आणि तो लाल झाला होता. आमच्या समोरच्या रस्त्याचं रुंदीकरण चाललं आहे, दिवसभर मातीच्या गाड्या जातात, जनेल बंद ठेवलं तरी मेजावर बोटाने नाव लिहिता येतं. ती सगळी धूळ त्या कपड्याने पिऊन ठेवली होती. पंखे बिचारे ओढत होते आणि पुढे भिंत होती.

गाठ बघूनच मला कळलं. खाणीवर सगळे टिपरवाले हेच करायचे. हवा जिथून इंजिनात जाते त्या तोंडाला मऊ सुती कपडा बांधायचा, म्हणजे लाल धूळ फिल्टरपर्यंत पोचत नाही. रोज खेप संपली की सोडून झटकायचा. बाबांच्या कपड्याची सगळ्या खाणीवर ख्याती होती असं आई सांगते. कॉम्प्युटर आला त्या दिवशी, नारळ फोडून झाल्यावर, त्या नव्या गाडीची त्यांनी जमेल तेवढी काळजी घेतली होती. आणि त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. गाडीला कपडा बांधला, हे कुणी सांगत बसतं का?

मी तशीच फरशीवर बसून हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आई मागून आली. तिने कपडा बघितला आणि तिलाही काही सांगावं लागलं नाही. लुगडं तिचंच होतं.

‘‘हाकाच लागून?’’ तिने विचारलं.

‘‘हाकाच लागून. बाबांच्या हातांक कांयच जावंक ना, आई. सगळें ह्या कपड्यान केलें.’’

आई खाली बसली. आतल्या खोलीत बाबा झोपले होते, त्यांचं घोरणं ऐकू येत होतं. तिने आवाज खाली आणला आणि म्हणाली, ‘‘तें परत बांद.’’

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काहीतरी चुकलं.

‘‘परत बांद म्हणटां न्हू. तांणीं आपणें म्हाका चावी दिल्या. आतां हें सांगलें जाल्यार फाल्यां स्कूटर भायर काडटले. पुलार वळण आसा, थंय परत हात सुटलो जाल्यार? तूं कामाक पणजे गेल्लें तेन्ना ते पडले. हांवेंच पळयले. तूं नाशिल्लें.’’

उद्याच ते स्कूटर बाहेर काढतील आणि पुलाच्या वळणावर हात सुटेल, हे तिला दिसत होतं, आणि तिची बोटं पदराच्या त्या टोकाशी होती. मला भांडायचं होतं. भांडण तोंडापर्यंत आलं होतं. मी म्हणणार होते की तू त्यांना आंधळं करून सांभाळणार का. पण ती जे म्हणत होती ते खोटं नव्हतं; ते पडले तेव्हा घरात ती एकटीच होती. तो कपडा होता म्हणून ते घरात होते. तो कपडा होता म्हणूनच ते भिंतीकडे तोंड करून झोपत होते. मी तो हातात धरून बसले. माझे दोन्ही तळवे लाल झाले. खरंच सांगते, एकदा मी तो त्या पंख्यांसमोर धरून बघितला, गाठ कुठे मारायची ते शोधत.

घोरणं कधी थांबलं ते कळलं नाही. बाबा दारात उभे होते, केस विसकटलेले, अर्धे झोपेत.

‘‘तो कपडो कित्याक काढलंस?’’ ते म्हणाले. ‘‘धूळ जातली ना आत.’’

आईने माझ्याकडे बघितलं. मीही तिच्याकडे बघितलं. आणि मग मी सांगितलं. उष्णता, पंखे, जाळी, सगळं. त्यांच्या कपड्यामुळे झालं हेही सांगितलं, कारण त्याशिवाय बाकीच्याला अर्थ नव्हता. आईने डोळे मिटून घेतले.

बाबा जवळ आले. कपडा हातात घेतला, उलटा केला, बोटाने धूळ चोळून बघितली. ‘‘झटकूक व्हयो होतो,’’ म्हणाले. ‘‘माका वाटला, घरात उभी गाडी, ही खंय जाता? फुडच्या दसऱ्याक झटकूया.’’ मग बोटांवरची धूळ झटकत, ‘‘म्हणजे तिका दम लागत होतो.’’

‘‘होय.’’

‘‘माका नाय.’’

‘‘नाय, बाबा.’’

ते खुर्चीत बसले. ‘‘लाव बघूया.’’

मी जाळी बसवली, कपड्याशिवाय. त्या दुपारी ते चालवत राहिले. आई उठून गेली नाही, भिंतीला टेकून खाली बसून राहिली, आणि मी स्टुलावर. संध्याकाळचं ऊन आडवं होऊन पडद्यावर आलं तेव्हा मी उठून जनेलाचा पडदा ओढला. गाडी चालतच होती. डोंगर येत होते, जात होते. कुठेतरी दिवे लागले होते, कुठेतरी बर्फ पडायला लागला होता. रस्ता एकदाही अडकला नाही. वळणामागून वळण ते घेत गेले. बाहेर मातीच्या गाड्यांचा आवाज होता, आत आमच्या गाडीचा, आणि थोड्या वेळाने मला दोन्हीतला फरक कळेनासा झाला.

मग डावीकडचं एक वळण आलं, उताराचं. गाडी वळली, पण पुरती नाही. मागचं चाक कठड्याला घासलं आणि सगळा पडदा हादरला. मी कोपऱ्यातला आकडा बघितला. आकडा खाली होता. मशीन थंड होतं.

बाबांनी गाडी थांबवली. त्यांनी ती मागे घेतली, बरीच मागे, आणि तेच वळण परत घेतलं. परत घासलं. तिसऱ्यांदा त्यांनी डाव्या हाताकडे बघत बघत वळवलं, हळू, अगदी हळू. तेव्हा ती सुटली. पण पुढचं डावीकडचं उताराचं वळण आलं तेव्हा पुन्हा तेच झालं. उजवीकडची सगळी छान होती. सपाटीवरची सगळी छान होती. हे एवढंच राहिलं होतं.

त्यांनी ट्रक बाजूला लावला, ब्रेक ओढला आणि डावा हात मांडीवर घेऊन उजव्या हाताने चोळला.

‘‘ह्या माझा,’’ ते म्हणाले. मला वाटलं आता ते मोडतील. पण त्यांच्या तोंडावर, कसं सांगू, सुटल्यासारखं काहीतरी होतं. ‘‘एवढा माझा. बाकीचा सगळा त्या मशीनीचा.’’

मग ते खुर्चीतच वळून आईकडे बघायला लागले. ‘‘चावी तुझ्याकडेच रवांदी. त्या दिवशी माका वाटला, सगळाच गेला, म्हणान टाकलंय तुझ्यापुढ्यात. आज मोजून देतंय.’’

आईने तोंडात पदर धरला. चहाची वेळ कधीच टळून गेली होती. मी उठायला लागले, तर तिने मला हाताने बसवलं, आणि स्वतः सरकत सरकत बाबांच्या खुर्चीशेजारी, पडद्यासमोर येऊन बसली.

‘‘आनी थोडें चलयात,’’ ती म्हणाली. ‘‘हांव बसतां.’’

‘‘खंय जाऊया?’’

‘‘खंयय,’’ आई म्हणाली. ‘‘पूण सवकास.’’